आपला आवाज इतरांना देणारा कलावंत : वसंत देसाई

सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी शाळेवरून जा. पटांगणात मुले रांगेत उभी असतात आणि बऱ्याचदा 'ऐ मालिक' या शब्दांनी सुरू होणारी प्रार्थना कानांवर येते. आमच्या घरातल्या तीन पिढ्या ही प्रार्थना म्हणत शाळेत गेल्या. गेल्या महिन्यात घरातल्या सातवीतल्या मुलीला आम्ही सहज विचारले, "ही चाल कोणी बांधली, ठाऊक आहे?" ती म्हणाली, "कोणी बांधली म्हणजे? ती शाळेचीच आहे."

तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. बाईंनाही ते सांगता आले नसते. पण ही चाल बांधणारा माणूस आपल्या शेजारच्याच तालुक्यातला. मालवणहून एसटीने तासाभरात कुडाळ येते आणि त्या कुडाळ तालुक्यातले सोनवडे हे वसंत देसाई यांचे गाव. पंचेचाळीस वर्षे ते चित्रपटसृष्टीत वावरले. सुरुवात केली पडद्यावर काम करणारा आणि गाणारा नट म्हणून. पुढे पडद्यामागे गेले आणि उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी चाली बांधण्यात घालवले. त्यांच्या या वाटचालीत मुसलमान उस्तादांचा आणि कलावंतांचा वाटा फार मोठा आहे. तो आपल्या घरांत माहीत असावा, म्हणून हा लेख.

सोनवड्याचा मुलगा

वसंत देसाई यांचा जन्म 9 जून 1912 चा. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो 1981 साली झाला. सोनवडे तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. वीज नाही, रेडिओ नाही. गाणे ऐकायचे तर ते माणसाच्या तोंडून, समोर बसून. देवळातले भजन, कीर्तन, शिमग्याची गाणी, भातलावणीच्या बायकांची गाणी आणि या सगळ्यांपेक्षा मोठे आकर्षण म्हणजे दशावतार.

ज्यांनी लहानपणी जत्रेतला दशावतार पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. कार्तिक सुरू झाला की गावोगावच्या जत्रा लागतात. रात्र चढल्यावर पेटी आणि मृदंग वाजू लागतो, संकासुर येऊन लोकांना हसवतो आणि मग आख्यान सुरू होते ते उजाडेपर्यंत. संवाद लिहून दिलेले नसतात. नट उभ्या उभ्या बोलतो आणि बोलता बोलता गाऊ लागतो. या खेळात नट वेगळा आणि गवई वेगळा अशी वाटणीच नाही. ज्याला गळा नाही त्याची राजाची भूमिका रंगत नाही.

या जत्रांत खाज्याची, बांगड्यांची, भांड्यांची दुकाने लागत आणि त्यांत मुसलमान दुकानदारही असत. आमचे चाचा लहानपणी अशाच एका दुकानावर बसायला जात. दुकान झाकले की मांडाच्या कडेला घोंगडी पांघरून बसायचे आणि फजरच्या नमाजला घरी परतायचे. चाचांचा गळा गोड होता. त्यांच्याबद्दल पुढे सांगू.

सोनवड्याच्या वसंताच्या कानांवर बालपणी हेच सूर पडले. पुढे त्यांच्या चालींत जो मातीचा वास येतो, तो इथला. त्यांनी शास्त्रीय राग घेतला तरी तो असा सोपा करून ठेवला की शेतात काम करणाऱ्या माणसालाही गुणगुणता यावा.

प्रभातचे दिवस आणि साहेबमामा

1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे संस्थापक. यांतले फत्तेलाल म्हणजे कागलचे शेख फत्तेलाल. सारी कंपनी त्यांना 'साहेबमामा' म्हणे. हे नाव आपल्या घरांत क्वचितच घेतले जाते, याची आम्हाला खंत वाटते. साहेबमामा मूळचे चित्रकार. प्रभातच्या पडद्यावर दिसणारे वाडे, देवळे, राजसभा त्यांच्या नजरेतून उभ्या राहिल्या. पुढे दामले आणि त्यांनी मिळून 'संत तुकाराम' हा चित्रपट दिग्दर्शित केला. 1936 सालच्या या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. वारकऱ्यांच्या तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक जण शेख होता आणि त्या काळी महाराष्ट्राला त्यात काही वावगे वाटले नाही.

अशा कंपनीत विशी न गाठलेला वसंत देसाई दाखल झाला. 1930 च्या 'खुनी खंजर' या मूकपटात त्याने काम केले. मूकपटात गाण्याचा प्रश्न नव्हता. पण दोनच वर्षांत पडदा बोलू लागला. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट 1932 साली आला. गोविंदराव टेंबे हे त्यात हरिश्चंद्र झाले होते आणि संगीतही त्यांचेच होते. दुर्गा खोटे तारामती होत्या. या चित्रपटात वसंत देसाईंचा गाता आवाज लोकांनी ऐकला.

आजच्या वाचकाला त्या वेळचे गाणे कसे चित्रित होई याची कल्पना येणार नाही. आज गाणारा वेगळा, ओठ हलवणारा वेगळा. बोलपटाच्या सुरुवातीला तशी सोय नव्हती. कॅमेरा चालू असतानाच नटाने गायचे, साथीची वाद्ये कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठेतरी लपवायची आणि एकदा चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्या काळी गाणाऱ्या नटाला भाव होता. बालगंधर्व, शांता आपटे, शाहू मोडक, सैगल, पुढे नूरजहाँ आणि सुरैया ही सगळी या परंपरेतली माणसे. 1935 च्या सुमारास कलकत्त्यात पार्श्वगायनाची पद्धत आली आणि हळूहळू गाणारा नट मागे पडू लागला. चेहरा असलेल्यांना गळा उसना मिळू लागला.

वसंत देसाई प्रभातमध्ये नट होते, गायक होते आणि संगीत दिग्दर्शकांचे मदतनीसही होते. 'धर्मात्मा', 'संत ज्ञानेश्वर' यांसारख्या चित्रपटांत त्यांनी पडद्यावर आणि पडद्यामागे अशी दोन्हीकडची कामे केली. नायक होण्याची संधी त्यांच्याकडे चालून आली नाही. दुसरा एखादा त्यावरून कुढत बसला असता. पण त्यांनी मदतनिसाच्या कामात जीव ओतला. दहा-बारा वर्षांची ही उमेदवारी पुढे आयुष्यभर पुरली.

उस्तादांचा सिलसिला

आपल्याकडे सिलसिला या शब्दाला मोठा अर्थ आहे. विद्या पुस्तकातून येत नाही, माणसाकडून माणसाकडे येते. तुमचा उस्ताद कोण, त्याचा उस्ताद कोण, हे विचारले जाते. वसंत देसाईंच्या बाबतीत हा धागा मागे नेला की तो कुठे पोचतो, ते पाहण्यासारखे आहे.

प्रभातमध्ये ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांत गोविंदराव टेंबे आणि मास्टर कृष्णराव हे मोठे संगीतकार. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शागीर्द. आणि भास्करबुवा कोणाकडे शिकले? बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांच्याकडे. एका ब्राह्मण तरुणाने तीन खाँसाहेबांची सेवा करून गाणे मिळवले आणि महाराष्ट्राला दिले. गोविंदराव टेंबे हे तर अल्लादिया खाँसाहेबांचे निस्सीम भक्त. त्यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले.

हे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले होते. जवळच मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ होते. मिरजेचे तंबोरे आणि सतारी बनवणारे कारागीरही मुसलमान. म्हणजे गळा घडवणारेही आपले आणि तंबोऱ्याचा भोपळा कोरणारेही आपलेच. सोनवड्याच्या मुलाने डोळे उघडले ते अशा मुलखात. म्हणून पुढे जेव्हा त्याच्या हाती संधी आली, तेव्हा त्याने उस्तादांना बोलावले. ऋण कोणाचे आहे हे त्याला ठाऊक होते.

राजकमलची वर्षे

1942 साली शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर काढले. वसंत देसाई त्यांच्याबरोबर गेले. 'शोभा' हा स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट त्याच वर्षीचा. 1943 च्या 'शकुंतला'ने त्यांचे नाव झाले.

1946 साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस चीनमधल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता तिथेच वारले, त्यांची ही खरी कथा. ती लिहिली होती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. योगायोग असा की 1973 साली गुलजार यांनी 'अचानक' काढला, त्याची कथाही अब्बास यांचीच आणि संगीत वसंत देसाईंचे. त्या चित्रपटात एकही गाणे नाही. गाण्यांवर जगलेल्या माणसाने साठी ओलांडल्यावर गाण्याशिवायच्या चित्रपटाला केवळ पार्श्वसंगीत दिले आणि ते मनापासून दिले.

मधल्या काळात मराठीला त्यांनी जे दिले ते फार मोठे आहे. 1947 चा 'लोकशाहीर रामजोशी' आणि 1951 चा 'अमर भूपाळी' हे दोन्ही चित्रपट शाहिरांवरचे. 'अमर भूपाळी'त होनाजी झाले होते पंडितराव नगरकर आणि ते स्वतः गायक. म्हणजे गाणाऱ्या नटाची परंपरा वसंत देसाईंनी विसरू दिली नाही. या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला कान चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळाले. 1953 साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' आला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट. साने गुरुजींची आई कोकणातली, पालगडची. तिच्या गोष्टीला सूरही कोकणातल्याच माणसाचे लाभले. 1963 च्या 'मोलकरीण'चे संगीतही त्यांचेच. त्यातले आईचे मागणे ऐकून आमच्या दादीचे डोळे भरून येत. देव असा उल्लेख आला तरी ती म्हणे, आईची दुआ कुठल्याही बोलीत वरपर्यंत पोचते.

रंगभूमीही त्यांनी सोडली नाही. विद्याधर गोखले यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' या नाटकाला त्यांनी संगीत दिले. शाहजहानच्या दरबारातला संस्कृत कवी आणि त्याची मुसलमान प्रिया लवंगी यांची ही गोष्ट. मराठी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले.

खाँसाहेबांना मानाचे पान

1955 चा 'झनक झनक पायल बाजे' हा नाचगाण्याचा रंगीत चित्रपट. त्याचे शीर्षकगीत अडाणा रागात आहे आणि ते गायले आहे इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांनी. अमीर खाँ म्हणजे विलंबित ख्यालाचे बादशहा. मैफलीतही श्रोत्यांकडे न पाहता डोळे मिटून गाणारा माणूस. त्यांचा आवाज चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला वापरायचा, हे धाडस होते. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा या सतरा-अठरा वर्षांच्या काश्मिरी मुलाचे संतूर वाजले. संतूर तेव्हा काश्मीरबाहेर फारसे कोणी ऐकलेही नव्हते. गाणी लिहिणारे हसरत जयपुरी, म्हणजे जयपूरचे इक्बाल हुसेन.

चार वर्षांनी, 1959 साली, विजय भट्ट यांचा 'गूँज उठी शहनाई' आला. नायक शहनाईवादक. मग शहनाई कोणाची? वसंत देसाईंनी बिस्मिल्ला खाँसाहेबांना आणले. बनारसचे बिस्मिल्ला खाँ पाच वेळचे नमाजी. मोहरमच्या आठव्या तारखेला ते दालमंडीपासून फातमानपर्यंत जवळजवळ आठ किलोमीटर पायी चालत, डोळ्यांत पाणी आणून नोहा वाजवत. त्या दिवसांत राग-रागिणी वाजवत नसत. तेच खाँसाहेब गंगेकाठच्या बालाजी मंदिरात रियाज करत. चित्रपटाच्या बाजारात सहसा न उतरणाऱ्या या फकिराने वसंत देसाईंसाठी फुंकर घातली. त्याच चित्रपटात अमीर खाँसाहेबांचे गायन आणि बिस्मिल्ला खाँची शहनाई अशी रागमाला आहे. सतार अब्दुल हलीम जाफर खाँ यांची आहे आणि महंमद रफींची गाणी आहेत. स्वस्तातले तिकीट काढून पुढच्या बाकावर बसणाऱ्या प्रेक्षकालाही ते ऐकायला मिळाले.

आमच्या मते वसंत देसाईंची थोरवी इथे आहे. त्यांना स्वतः गाता येत होते. पण जिथे अमीर खाँ हवेत तिथे त्यांनी अमीर खाँना बसवले आणि स्वतः बाजूला उभे राहिले. ज्या उस्तादांच्या विद्येवर आपण मोठे झालो, त्यांच्या घराण्यांतल्या माणसांना लाखो लोकांपुढे मानाने आणणे, ही गुरुदक्षिणा नव्हे तर काय?

मालिक आणि बंदा

आता त्या प्रार्थनेकडे येऊ. 1957 साली शांतारामांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकर यांची. तिच्या मुळाशी आहे औंध संस्थानातला खरा प्रयोग. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढून तिथे कैद्यांना भिंतींशिवाय ठेवले गेले. चित्रपटातला जेलर खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो. सहा माणसांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे दोन डोळे. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

या चित्रपटातली प्रार्थना भरत व्यास यांनी लिहिली आणि लता मंगेशकर यांनी गायली. चाल भैरवीतली. ती इतकी सरळ आहे की पहिलीतले मूलही बेसूर न होता म्हणू शकते. तानबाजी नाही, उंच स्वरांची चढण नाही. खुनी कैद्यांच्या तोंडी शोभावी आणि लहान मुलांच्याही, अशी चाल बांधणे हे सोपे काम नव्हते. सोपे दिसते, कारण बांधणाऱ्याने कष्ट लपवले आहेत.

हीच प्रार्थना एकदा आमच्या घरात वादाचे कारण झाली. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. शाळेत ती रोज म्हटली जाई. घरी पाहुणे आलेले एक बुजुर्ग आम्हाला ती गुणगुणताना ऐकून रागावले. त्यांचे म्हणणे दोन गोष्टींवर होते. एक, हे सिनेमाचे गाणे, त्याला इबादत म्हणायचे कसे? दुसरी, शाळेत हात जोडून डोळे मिटून उभे राहणे मुसलमानाच्या मुलाला शोभते का? घरात शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी शाळेत काय करायचे या विचाराने आम्हाला रात्री झोप आली नाही.

निवाडा केला तो चाचांनी. चाचा मशिदीत अजान देत. तरुणपणी त्यांना मुंबईला जाऊन गाणे शिकायची फार इच्छा होती. घरच्यांनी जाऊ दिले नाही आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. चाचांनी आम्हाला समोर बसवले आणि सगळी प्रार्थना सावकाश म्हणायला लावली. मग म्हणाले, "मालिक म्हणजे कोण?" आम्ही म्हणालो, "अल्लाह." "सूरे फातिहात काय म्हणतोस?" आम्ही आयत म्हणून दाखवली. त्यात न्यायाच्या दिवसाचा मालिक असाच उल्लेख आहे. "आणि बंदा कोण?" "आपण." चाचा म्हणाले, "मग यात नको असलेलं काय आहे? नेकीने चालायची ताकद मागतोस ना, ती माग. हात जोडायचे की सोडायचे, ते तुझं तू ठरव. नमाजची जागा मात्र याला देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही हात खाली सोडून उभे राहिलो आणि मोठ्याने म्हटले. गुरुजींनी पाहिले. त्यांनी काही म्हटले नाही. शेजारच्या मुलांनीही पाहिले आणि तेही काही बोलले नाहीत. आठवडाभरात त्याची सवय सगळ्यांनाच झाली.

ते पाहुणे चुकीचेच होते असे आम्ही आज म्हणत नाही. संगीताबद्दल आपल्या उलेमांत मतभेद आहेत आणि प्रत्येक घराने आपला निर्णय आपल्या समजुतीने घ्यावा. उर्दू शाळांत इक्बाल यांनी मुलांसाठी लिहिलेली दुआ म्हटली जाते, तीही सुंदर आहे. पण मोठे झाल्यावर आम्हाला एका गोष्टीचे नवल वाटत राहिले. भरत व्यास हे हिंदीचे कवी. संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या हाताशी होते. तरी या ठिकाणी त्यांनी मालिक आणि बंदा हे शब्द निवडले. वसंत देसाईंनी त्या शब्दांना असा सूर दिला की तो देवळाचाही वाटावा, दर्ग्याचाही आणि चर्चचाही. ज्या वर्गात चार धर्मांची मुले बसतात, तिथे सगळ्यांना एकत्र म्हणता येईल असे काहीतरी लागते. ते नसेल तर कोणाला तरी गप्प उभे राहावे लागते. रोज सकाळी गप्प उभ्या राहणाऱ्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार आपण करायला हवा आणि शाळांनीही करायला हवा.

शेवटपर्यंत काम

वय वाढले तसे वसंत देसाईंचे काम कमी झाले, पण थांबले नाही. 1966 साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जगाच्या मैत्रीचे संस्कृत गीत गायले. त्याची चाल वसंत देसाईंची होती. कोकणातल्या खेड्यातून निघालेला सूर न्यूयॉर्कपर्यंत गेला. 1968 च्या 'आशीर्वाद'मध्ये त्यांनी अशोककुमार यांच्याकडून मुलांसाठी गाऊन घेतले. अशोककुमार हे स्वतः जुन्या काळातले गाणारे नट. पार्श्वगायनाच्या जमान्यात ते केव्हाच गायचे थांबले होते. त्यांचा खरा आवाज नव्या पिढीला पुन्हा ऐकायला मिळाला तो या सिनेमात.

वाणी जयराम ही वेल्लोरची तमिळ मुलगी मुंबईत पतियाळा घराण्याच्या उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकत होती. तिला कुमार गंधर्वांबरोबर मराठी नाट्यपद गायची संधी वसंत देसाईंनी दिली. 1971 च्या 'गुड्डी'त त्यांनी तिला हिंदी पडद्यावर आणले आणि ती एका रात्रीत देशभर पोचली. त्या चित्रपटातली शाळेतली प्रार्थनाही त्यांचीच. तीही आज असंख्य शाळांत म्हटली जाते. आपल्या मुलांच्या तोंडच्या दोन प्रार्थना एकाच माणसाने दिल्या आणि मुलांना त्याचे नाव ठाऊक नाही.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्ट. काम करत असतानाच ते गेले.

नाव राहो न राहो

वसंत देसाई यांच्या आयुष्याकडे पाहिले की आम्हाला चाचा आठवतात. दोघांची तुलना करायची नाही. एकाने देशभर नाव कमावले, दुसऱ्याला चार वाड्यांपलीकडे कोणी ओळखत नव्हते. पण दोघांनाही गळा होता आणि दोघांनाही जिथे जायचे होते तिथली वाट मिळाली नाही. चाचांनी चाळीस वर्षे अजान दिली. संध्याकाळी मगरिबनंतर मोहल्ल्यातल्या पोरांना जमवून ते नात आणि किरात शिकवत. सूर कुठे चढवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे त्यांनी ज्यांना शिकवले ती माणसे आज रत्नागिरीपासून कुवेतपर्यंत पसरली आहेत. त्यांतल्या कितींना चाचांचे नाव आठवत असेल, सांगता येत नाही.

आपल्या घरांतही अशी मुले असतात. एखाद्याला गळा असतो, एखादीला चित्र काढता येते, एखादा उत्तम बोलतो. "यातून पोट भरत नाही" म्हणून आपण त्यांना गप्प करतो. पोटाची काळजी खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण दार बंद करताना एखादी खिडकी तरी उघडी ठेवावी. नायक होता आले नाही म्हणून सोनवड्याचा मुलगा गावी परतला असता, तर आपल्या शाळांच्या सकाळी आज वेगळ्या असत्या.

घरातल्या त्या सातवीतल्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग बाईंना सांगू?" आम्ही म्हणालो, सांग. दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिने दप्तर ठेवायच्या आधीच सांगितले, की बाईंनी फळ्यावर वसंत देसाई हे नाव लिहिले, खाली सोनवडे लिहिले आणि वर्गातला कुडाळकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "ह्या तर आमच्या मामाच्या गावाचा नाव!"